दुधाळीभोवतीचं गवत

रत्नावैनी गेल्याचा निरोप घेऊन निपाणीचा माणूस बेळगावला माझ्या दारात उभा राहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "दुधाळी फुलली का रं?" तो बिचारा बघतच राहिला. वैनी असती तर पोटभर हसली असती...

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. माहेर नंदगडचं. तिकडच्या पाणथळ माळावर भादव्यात दुधाळी फुलते. शेपूसारखी बारीक पानं आणि त्यांवर गुलाबी फुलं, आतून गडद. पण आमचं निपाणीचं घर पडलं तंबाखूवाल्यांचं. भादव्यात लावण, सून माहेरी जाणार कशी? ती जायची दिवाळीला, तोवर माळ वाळलेला. लग्न झाल्यापासून तिला ते फूल एकदाही दिसलं नव्हतं. "वन्सं, मला जाऊ देत न्हाईत, तर फुलालाच सासरी आणते बघा," ती म्हणाली आणि कामालाच लागली.

त्या दिवाळीला मीही तिच्याबरोबर नंदगडला गेले. वाळक्या गवतात फूल नसलेली दुधाळी ओळखायची कशी? वैनीला खूण ठाऊक होती. दुधाळी वाळली की काळीकुट्ट पडते. एक काळी काडी दिसली की ती लहान पोरीसारखी ओरडायची, "गावली गं!" बघता बघता मीही ओरडायला लागले. काय मजा आली म्हणून सांगू! पदराच्या गाठीत बी बांधून आम्ही परतलो. पावसाळा लागताच आडाच्या सांडपाण्याकडेला तिनं वाफा केला. रोपं आली, पण बोटभर होऊन पिवळी पडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आमच्या घरात गवताची काडी ठेवायची म्हणजे इभ्रतीचा प्रश्न, त्यामुळे वैनी रोज वाफा खुरपून आरशासारखा ठेवायची. तरी रोपं मरत, आणि ती चुलीपाशी डोळे पुसत बसे.

मग एका वर्षी लावणीची अशी झुंबड उडाली की आडाकडे कुणी फिरकलंच नाही. गवत माजलं. आणि त्या गवतात दुधाळी फुलली! चिखलानं भरलेल्या हातांनी वैनीनं मला ओढत नेलं. आम्ही दोघींनी आडापाशी फुगडीच घातली.

आरडाओरडा ऐकून अण्णा आले. त्यांनी एक रोप मुळासकट उकरलं, तर त्याची मुळं गवताच्या मुळांना चिकटलेली. अण्णांचा चेहराच उतरला. तंबाखूच्या मुळांवर जगून पीक बुडवणारा बंबाखू त्यांनी जन्मभर उपटला होता.

"ही तर बंबाखूची भैन! उद्या रानात शिरली तर खायचं काय?"

वैनी वाफ्याला आडवी उभी राहिली. "हितंच तंबाखूचं रोप लावा. त्येला धरलं तर मीच उपटून टाकीन, माज्या हातानं."

लावलं. मग काय विचारता! अण्णा सकाळी रानात जायच्या आधी वाफ्याकडे, वैनी त्यांच्याही आधी. माझा तर जीव टांगणीला. तंबाखूचं पान सुपाएवढं झालं, तेव्हा अण्णांनी ते रोप उकरलं. मुळं स्वच्छ होती. "ऱ्हाऊ दे तुजी दुधाळी," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून दर भादव्यात वैनीचं माहेर आमच्या आडापाशी येत राहिलं. गवताला हात मात्र तिनं कुणाला लावू दिला नाही.

परवा, भादव्यातच, मी तेराव्याला पुन्हा निपाणीला गेले. दुखवट्याला आलेल्या बायकांनी, घर नीट दिसावं म्हणून, अर्धा वाफा खुरपून काढला होता. तिथली रोपं पिवळी पडलेली, उरलेल्या अर्ध्यात दुधाळी भरभरून फुललेली. अण्णा पाठमोरे, उकिडवे बसलेले. हातात खुरपं.

"अण्णा, काय करताय?"

त्यांनी बांधावरून आणलेला एक ठोंब मोकळ्या मातीत दाबला, वर ओंजळभर पाणी घातलं.

"गवात लावतोय," ते म्हणाले.