संपतला येतं काय?

एकाच बाकावर बसून एकाच माणसाबद्दल तेरा वर्षं वाद घातला की किस्से साचत जातात. शिंप्याच्या दुकानात चिंध्या साचतात तसे. टाकून देववत नाहीत आणि कामाला येतील असंही नाही. आमचा बाक कारेगावात, गफूरभाई मुलाणींच्या शिलाईच्या दुकानापुढं. आणि माणूस म्हणजे संपतभाऊ. आधी सरपंच, मग जिल्हा परिषद, आता आमदारकीला उभे आहेत आणि येणारच, असं सगळे म्हणतात. मी अजून त्यांना संपतच म्हणतो, कारण आठवी ते दहावी त्याला गणित मी शिकवलंय. निदान माझ्या बाजूनं तरी शिकवलंय!

वाद साधा आहे. संपतच्या अंगात खरंच काही कर्तृत्व आहे, की नुसतं गोड बोलणं आणि नशीब? गफूरभाई म्हणतात, आहे. मी म्हणतो, नाही. तिसरे आप्पा, सोसायटीचे माजी चेअरमन. ते दोन्ही बाजूंनी बोलायचे, त्यांना चेअरमनकीपासूनची सवय.

"त्याला माणूस कळतो, सर," असं गफूरभाई म्हणाले की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "त्याला मतदारयादी कळते."

*

पहिला किस्सा शाळेतला, आणि साक्षीदार मीच. संपत नववीत असताना तपासणीला साहेब आले. अख्खा वर्ग सोडून त्यांनी नेमका संपतला उभा केला आणि विचारलं, "सतरा गुणिले नऊ किती?"

त्याला सतराचा पाढा येत नाही, हे मला ठाऊक होतं. संपत मात्र शांत. म्हणाला, "साहेब, तुम्ही निमोण्याचे ना? औंदा जत्रंला कुस्त्या हायेत का?"

साहेब निमोण्याचेच निघाले. टेबलावर टेकून बसले आणि त्यांच्या गावच्या आखाड्याचा इतिहास सांगायला लागले. तो संपायच्या आत घंटा झाली. शेऱ्यात लिहून गेले, 'विद्यार्थी चौकस आहेत.'

हे मी बाकावर सांगितलं आणि विचारलं, "पण उत्तर आलं का त्याला?"

गफूरभाई सुईत दोरा ओवत म्हणाले, "पण परत कुणी इचारलं का, सर?"

*

आमच्या भागात पुढाऱ्याची खरी परीक्षा दहाव्याला होते. नदीकाठी विधी चालू असतात, लोक कावळ्याची वाट बघत बसलेले असतात आणि माइकवर एकेक जण उठून मयताबद्दल चार शब्द बोलतो. लग्न चुकलं तर लोक माफ करतात, दहावा चुकला तर करत नाहीत.

एकदा शिरूरच्या घाटावर शेजारीशेजारी दोन दहावे होते. संपतला जायचं होतं एका भजनी बुवांच्या मांडवात. घाईत शिरला दुसऱ्याच. लगेच माइक हातात आला आणि गडी सुरू झाला, "उभ्या जन्मात यांनी कुणाला उणा शब्द बोलला न्हाई. भावाभावांत कसं ऱ्हावं ते यांच्याकडनं शिकावं."

तो मयत म्हणजे बांधावरून तिन्ही भावांवर केस टाकलेला माणूस. मांडवात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि मग मयताचा थोरला मुलगा उठला, संपतच्या गळ्यात पडला आणि हमसून रडायला लागला. "आमच्या बापाला आजवर कुणी चांगलं म्हणलं न्हवतं, भाऊ."

संपतनं त्याला शांत केलं, बाहेर आला, शेजारच्या मांडवात गेला आणि तेच भाषण पुन्हा केलं.

"बघा," मी म्हणालो, "एकच भाषण. बुवांनाही तेच, भांडखोरालाही तेच."

आप्पांनी मान डोलावली. "रेडिमेड शर्ट हाय त्यो. कुणाच्या बी अंगात बसतोय."

हे गफूरभाईंना लागलं. रेडिमेडनं त्यांचा निम्मा धंदा नेलाय. मशिन थांबवून म्हणाले, "बसत न्हाई, आप्पा. बसवावा लागतोय."

*

माझ्या वरच्या मजल्यावर कंपनीत कामाला असलेली बिहारची चार मुलं भाड्यानं राहतात. मागच्या निवडणुकीत संपत त्यांच्याकडं गेला, खाली फरशीवर बसून त्यांच्याबरोबर डाळभात जेवला, मोडक्यातोडक्या हिंदीत तासभर बोलला. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाकावर मी जाहीर केलं, "या शहाण्याला एवढंही माहीत नाही की त्या मुलांची नावं इथल्या यादीत नाहीत!"

आप्पा हसायला लागले. "सर, काल त्यो माझ्याकडं आलता. म्हणला, आप्पा, तुमच्या खोल्यांतली पोरं लय सांगत हुती, मालक देवमाणूस हाय म्हणून."

कारेगावात खोल्या नाहीत असं घर शोधावं लागेल. मुलांना मत नाही, मालकांना आहे. संपत खोलीखोलीत जेवला आणि घराघरात निरोप पोचवत गेला.

संध्याकाळी माझ्याकडंही आला. मी तयारीतच होतो, म्हटलं आता देवमाणूस म्हणेल. चहा घेतला, उठला आणि दारात थांबून म्हणाला, "सर, पोरं म्हणत हुती, मालक रोज एकटंच जेवतात."

मी त्याला त्या दिवशी फार तोडून बोललो. मत मात्र त्यालाच दिलं, आणि हे बाकावर अजून कुणाला सांगितलेलं नाही.

*

मग आप्पांना मुलानं पुण्याला फ्लॅटवर नेलं. जाताना म्हणाले, दर आठवड्याला येतो. पहिल्या महिन्यात दोनदा आले. मग फोन यायला लागले. गफूरभाई फोन स्पीकरवर टाकून बाकावर आप्पांच्या जागी ठेवायचे. आप्पा विचारायचे, "काय, चाललाय का वाद?" आम्ही मुद्दाम मोठ्यानं वाद घालायचो, त्यांना ऐकू जावा म्हणून.

एकदा बराच वेळ आप्पांचा आवाजच येईना. मी म्हटलं, "आप्पा, कुणाचं खरं?" तिकडून सुनेचा आवाज आला, "मामंजी झोपलेत. फोन चालूच राहिला वाटतं."

आता फोनही कमी झालेत. आम्ही दोघंच असतो. गफूरभाईंना उरूस, मुलींची घरं, नातवंडं आहेत. मला हा बाक आहे. संपतचा विषय निघाला नाही तर आम्ही दोघं रस्त्यावरच्या कंपनीच्या बसेस बघत बसतो, म्हणून दुकानात पाय टाकायच्या आधीच मी त्याला शिव्या द्यायला सुरुवात करतो.

*

सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा दहावा चार वर्षांपूर्वी झाला. भाषणं झाली. आदर्श गृहिणी, मायाळू स्वभाव, पोकळी निर्माण झाली. कुणाच्याही बायकोबद्दल चाललं असतं. मी खाली मान घालून ऐकत होतो, शेजारी गफूरभाई.

मग संपत उठला. म्हणाला, "सर मला लय मारायचे. बरोबरच मारायचे. पण ज्या दिवशी मार बसंल त्या दिवशी काकू मला घराच्या मागल्या दाराला बोलवायच्या आन् चपातीत गूळ घालून द्यायच्या. म्हणायच्या, सरांना सांगू नगं."

सदतीस वर्षं आम्ही एका घरात काढली आणि हे मला ठाऊक नव्हतं. खरं का, हे विचारायला आता ती नाही. त्या दिवसापासून घरात मी एकटा असलो की मागच्या दाराकडं बघतो. तिथं ती उभी असते, हातात चपाती, आणि माझी चाहूल घेत असते. तिच्या फोटोतसुद्धा ती मला इतकी स्पष्ट दिसत नाही.

आता माझी पंचाईत बघा. संपत नुसता बोलघेवडा आहे, हे बाकावर रोज मीच सिद्ध करतो. आणि तो नुसता बोलघेवडा असेल तर ती चपातीही गेली आणि दारातली सुमनही गेली.

*

हा शेवटचा, गेल्या महिन्यातला. आमच्याच शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या सरांची पत्नी वारली. दहावा शिरूरला, नदीवर. गफूरभाई आणि मी वडापच्या जीपनं गेलो. मांडव भरलेला. निवडणूक तोंडावर, त्यामुळं सगळेच उमेदवार पांढऱ्या कपड्यांत पुढं बसलेले. कावळा लवकर शिवला, पण भाषणं राहिली होती म्हणून कुणाला उठता येईना.

संपतचं नाव पुकारलं. त्यानं माइक घेतला, फोटोला हात जोडले आणि थोडा थांबला.

"ड्रॉइंगचे सर मला लय मारायचे," तो म्हणाला. "बरोबरच मारायचे."

मी उठलो. गफूरभाईंनी माझा शर्ट धरला, तो मी सोडवून घेतला. लोकांच्या गुडघ्यांवरून, चपलांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत पार खाली पाण्यापर्यंत गेलो. स्पीकरचा आवाज तिथंही येत होता, शब्द लागत नव्हते. लांबून मांडव दिसत होता. बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले दिसत होते. ड्रॉइंगचे सर मान वर करून संपतकडं बघत होते.

सगळं आटोपल्यावर गफूरभाई माझ्या चपला हातात घेऊन खाली आले. माझ्याकडं न बघता त्यांनी त्या पुढं ठेवल्या. पुढं तो काय बोलला, ते मी विचारलं नाही. स्टँडवर जीप भरायला वेळ लागला. शिरूर मागं पडल्यावर ते बोलले.

"तेरा वरसं मी चुकलो, सर. तुमचंच खरं. त्याच्यात काय बी न्हाई."

कारेगावचा फाटा आला, जीप थांबली, आम्ही उतरलो.

"असं नका म्हणू, गफूरभाई," मी म्हणालो. "उद्यापासून त्याच्या बाजूनं मी बोलतो."