डावीकडे पाहणारा मोर

मस्तगडच्या नानांना मुंबईच्या एका प्रदर्शनवाल्या साहेबाने फसवले. नानांच्या पिशव्या मी विकायचो, म्हणजे मलाही फसवले. पण माझे मी बघून घेईन. हे लिहितोय ते नानांसाठी.

नाना चामड्यावर नक्षी काढत आणि ती नेहमी उलटी काढत. दुष्काळ सरून एखादे वर्ष झाले असेल. रद्दीवाल्याशी घासाघीस करून मी एक पुठ्ठा गेलेले जुने पुस्तक आणले होते. त्यातली चित्रे लाकडावर कोरून छापलेली. वेली, हरणे, एक मोर. नानांनी पानावरून बोट फिरवले. "कोरणाऱ्याचा हात बघा, शेठ. रंग न्हाई, काही न्हाई. नुसत्या रेघांवर पीस उभं केलंय. चामड्याला हेच पाहिजे."

मी शेठ कसला! जाफराबादच्या बाजारात खांद्यावर चपला टाकून विकत हिंडलेला माणूस. मी चिडतो म्हणून ते मुद्दाम शेठ म्हणत.

तेलकट कागदावर ते शिसपेन्सिलीने चित्र उतरवत, तो कागद ओलसर चामड्यावर पालथा घालत आणि हाडाच्या तुकड्याने घासत. रेघा उमटत, पण दिशा बदलून. पुस्तकातला मोर उजवीकडे पाहायचा, पिशवीवरचा डावीकडे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी ओरडलोच, "नाना, मोर उलटा झाला! कोण घेईल हे?"

"त्यो मोर पुस्तकवाल्याचा, ह्यो माझा. तुम्ही वरडून राह्यले, पण विकाल बराबर."

विकली, आणि चांगल्या भावाने विकली.

मग तो साहेब आला. त्याने दोन पिशव्या घेतल्या आणि फोटो काढून आठ दिवसांत परत देतो म्हणत पुस्तक मागितले. मी म्हणालो, "नाना, देऊ नका." नाना म्हणाले, "कलेचा माणूस हाय. आणून देईल. तुम्हाला सगळेच चोर दिसतात."

पुस्तक आले नाही. आठवणीतून काढा म्हटले, तर नाना मान हलवत. "पानावर बोट फिरवल्याबिगर हात चालत न्हाई, शेठ." ओले चामडे समोर ठेवून बसत आणि ते तसेच वाळून जाई. पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. हाडाचा तो तुकडा त्यांच्या मुलीने मला दिला.

नंतर मुंबईच्या प्रदर्शनात एका पिशवीवर मला तो मोर दिसला. खाली साहेबाचे नाव. मी जाब विचारला, तर हसून म्हणाला, "तुमच्या नानांनी पुस्तकातून घेतलं, मीही पुस्तकातूनच घेतलं. यात चोरी कसली?" माझा आवाज चढला आणि मला बाहेर काढले. परतीच्या एसटीत बसल्यावर लख्ख आठवले की त्याचा मोर डावीकडे पाहत होता.

तर साहेब, पुस्तक तुमच्याजवळ आहे. चार लोकांसमोर ते पान उघडा. त्यातला मोर आजही उजवीकडेच पाहत असेल. मग तुमच्या पिशवीवर त्याचे तोंड कुणी फिरवले? सांगा.