समुद्रावरून वडिलांशी बोलणं

माझ्या वडिलांना ऐकू-बोलता येत नाही. आमच्या घरात त्यांच्याशी बोलणं हातांच्या खुणांनी चालतं. क्रूझ जहाजाच्या स्वयंपाकघरात मला नोकरी लागली, तेव्हा सोलापूरला रोज व्हिडिओ कॉल करायचा असं ठरलं होतं. पण भर समुद्रात इंटरनेट इतकं मंद चालायचं, की वडिलांचा उचललेला हात पडद्यावर तसाच थांबायचा. आईचा आवाज मात्र तुटक तुटक यायचा.

"ते काय म्हणतात ते मी सांगते की तुला," आई म्हणाली.

मला ते पटलं नाही. मला वडिलांशीच बोलायचं होतं. मी तिला म्हणालो, "त्यांच्या एकेका खुणेचा फोटो काढ आणि ओळीनं पाठव."

सुरुवातीला फोटो मागेपुढे यायचे, काही यायचेच नाहीत. मी हट्ट सोडला नाही. सोबतच्या आचाऱ्याकडून माझ्या हातांचे फोटो काढून घ्यायचो आणि ते घरी पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहायचो.

एका दुपारी वडिलांचा अख्खा प्रश्न नीट आला, "तिथं मासे खातोस का?" आमचं घर शाकाहारी.

मी उत्तर पाठवलं, "नाही. फक्त साफ करतो."

लगेच वडिलांचा हसरा फोटो आला.