मंजूर नमुन्याबरहुकूम

विद्यापीठाच्या छापखान्यात आम्ही उत्तरपत्रिका छापत असू, नियमांची जाडजूड पुस्तकं छापत असू आणि कुणी कधी न वाचलेले अहवालही छापत असू. अशा ठिकाणी टी-शर्ट छापायचं खूळ वरून आलं. खूळ नेहमी वरूनच येतं. विद्यापीठांच्या फुटबॉल स्पर्धा कोल्हापुरात भरणार होत्या, आणि फुटबॉल म्हटलं की आमच्या गावात शहाणी माणसंही शहाणपण घरी ठेवून येतात. आपल्या पोरांच्या छातीवर विद्यापीठाचं नाव हवं, आणि ते आपल्याच छापखान्यात छापा, असा हुकूम सुटला.

मी तिथला फोरमन. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात हयात गेलेली. कापडाशी माझा संबंध शाईचा हात सदऱ्याला पुसण्यापुरता. पण आमच्याकडे एक पेंटर होता. त्याचे बाप-आजे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हा सहा वर्षं आमच्याकडे रोजंदारीवर. लाकडी चौकटीत जाळी ताणून तिच्यातून कापडावर शाई उतरवायची विद्या त्याच्या हातात होती. साहेब त्याला म्हणाले, "हे काम नीट झालं की तुला कायम करतो." त्या दिवसापासून तो चहालासुद्धा उठेना.

त्यानं एका टी-शर्टवर ब्रशनं नमुना रंगवला. वर विद्यापीठाचं नाव, खाली फुटबॉल. फार देखणा. पण आमच्याकडे मंजुरीशिवाय टाचणी हलत नसे. टी-शर्ट फाइलीला जोडून वर गेला आणि तीन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. परत आला तेव्हा एकेका साहेबानं कागद सोडून थेट छातीवरच सही ठोकलेली. एकानं 'मान्य' लिहिलं होतं. दुसऱ्यानं, आपणही काही पाहिलं हे दिसावं म्हणून, 'चेंडू गोल असावा' असा शेरा मारला होता.

पेंटर तो घेऊन माझ्याकडे आला. "मामा, ह्या सह्या बी जाळीवर घ्यायच्या व्हय?"

त्याआधी मी एकदा मंजूर प्रूफातली उघड चूक सुधारली होती, आणि त्याबद्दल मला मेमो मिळाला होता. तेव्हापासून मी ठरवलं होतं, साहेबानं गाढव छापायला दिलं तर गाढव छापायचं, शेपटीसकट. मी खेकसलो, "मंजूर नमुना हाय न्हवं? मग हाय तसं छाप की! काना-मात्रा बदलायचा न्हाय."

त्यानं हाय तसं छापलं. हात असा, की सह्यांखालचे फराटेसुद्धा हुबेहूब उतरले.

सामन्याच्या दिवशीच गठ्ठे सुटले. बदलायला वेळ नव्हता, पोरं तशीच मैदानात उतरली. आधी लोकांना कळेना. मग कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि सगळं मैदान खदखदलं. "ए मान्य, पास दे की!" अशा आरोळ्या उठल्या. आमच्या गोलकीपरनं एक गोल खाल्ला तेव्हा मागून एक जण ओरडला, "चेंडू गोल हाय न्हवं? बघून घे गड्या!" मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. चौकशी करणाऱ्या तिघांच्याही सह्या त्याच टी-शर्टवर होत्या, त्यामुळे 'मंजुरी दिली कुणी' हा प्रश्न कुणी काढलाच नाही. पेंटरला उभं केलं. साहेबांनी विचारलं, "सह्यांसकट छापायला तुला सांगितलं कुणी?"

मी शेजारीच खुर्चीवर होतो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत बसलो. त्याला वाटलं असेल, मामा आत्ता बोलतील.

"कुणी न्हाय, साहेब," तो म्हणाला. "माझंच डोस्कं चाललं न्हाय."

त्याच संध्याकाळी त्याची रोजंदारी बंद झाली. मी कायम होतो. बोललो असतो तर मला फार तर आणखी एक मेमो मिळाला असता.