घरात रात्री कोण असतं?

माझं तोंड फटकळ आहे हे अख्ख्या शहापूरला माहीत आहे. म्हणून त्या शुक्रवारी आमच्या सरांनी मला दोनदा बजावलं, "मॅडम, अमेरिकेतली ती बाई काय बोलेल ते आधी ऐकून घ्या. वाद नको." मी म्हटलं, "मी कशाला वाद घालू? काम चोख आहे आपलं."

आमचं ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आम्ही सहा बायका, त्यांत कामावर शेवटचा हात फिरवणारी मी. अमेरिकेत आजारी म्हाताऱ्या माणसांच्या घरी नर्स जाते, जखमा बांधते, औषधं बघते आणि टिपण लिहिते. ते टिपण आमच्याकडे येतं. आम्ही ते वाचून एकेका आजाराला ठरलेला कोड लावतो, आणि नर्सनं भरलेला फॉर्म तिच्याच टिपणाशी ताडून बघतो. चुकला असेल तर दुरुस्ती सुचवतो. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. माहेरी गेले की लोक विचारतात, "मेडिकलात कामाला हायस ना गो?" मी हो म्हणते. किती वेळा समजावणार!

आमचं जुनं काम सुटलं होतं. तेवढ्यात घरोघरी नर्स पाठवणाऱ्या तिकडच्या एका संस्थेला कोडिंगसाठी बाहेरचं ऑफिस नेमायचं होतं. तीन ऑफिसांना त्यांनी सारख्याच वीस फायली परीक्षेसाठी दिल्या. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काम मिळालं तर शहापूर चालू राहील, नाही मिळालं तर इथे टाळं आणि ज्यांना जमेल त्यांनी ऐरोलीच्या ऑफिसात यायचं.

ऐरोली मी बारा वर्षं केली होती. माझी आई मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात राहते. त्या बारा वर्षांत महिना महिना तिकडे जाणं व्हायचं नाही. वडील गेले तेव्हा मी पोचले ती सगळं आटोपल्यावर. त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हाच ठरवलं, आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. महिन्याभरात शहापुरातलं ऑफिस निघालं, तशी पगार कमी असूनही मी इकडे आले. दर रविवारी स्कूटर काढायची, आईबरोबर जेवायचं आणि पाच वाजता परत निघायचं. हे ऑफिस गेलं असतं तर माझा रविवारही धुणीभांडी आणि झोप यांतच गेला असता. म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी सात वाजता ती बाई स्क्रीनवर आली. साठीची असेल. स्वतः नर्स म्हणून आयुष्य घालवलेली, आता या संस्थेत फायली तपासणारी. कोड बरोबर आहेत म्हणाली. सरांचा चेहरा उजळला. मग तिनं विचारलं, "चार फायलींत आमच्या नर्सनं लिहिलंय, पेशंट एकटी राहते. तुम्ही चारही ठिकाणी ते बदलायला सांगितलंत. का?"

मला तर ती दुरुस्ती अभिमानाची वाटत होती. त्यातल्या पहिल्याच फायलीवर आमच्यातल्या एकीनं मला तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, इथे एकटी लिहिलंय, पण लेक रोज डबा घेऊन येते असंही लिहिलंय." मी ठसक्यात सांगितलं होतं, "बदल ते. सख्खी लेक दोन गल्ल्या सोडून असताना बाई एकटी कशी? त्या नर्सला अक्कल नाही." आमच्याकडे एकटी म्हणतात ती जिच्या मागेपुढे कुणी नाही तिला. पोरंबाळं असलेल्या बाईला एकटी म्हणणं म्हणजे तिच्या पोरांच्या तोंडात मारणं. बाकीच्या चौघींनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. सहाही जणी इथल्याच, कुणाला दिसणार?

मी स्क्रीनवरच्या बाईला तेच सांगितलं. पहिल्याच फायलीत बघा, लेक रोज येते, औषध देते, जेवण देते.

"लेक किती वाजता जाते?"

मी फाईल पाहिली. सहा वाजता.

"मग त्या घरात रात्री कोण असतं?"

मी फाईल पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळली; रात्रीचं तिथे कुणीच नव्हतं.

ती रागावली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, "ही बाई मागे बाथरूममध्ये पडली होती. सकाळी लेक येईपर्यंत तिथेच होती. म्हणून आमच्या नर्सनं तो शब्द विचार करून लिहिलाय. घरात माणूस आहे असं तुम्ही लिहिलंत, तर रात्री तिच्याकडे लक्ष द्यायची सोय कुणी करणार नाही."

सर घाईघाईनं म्हणाले, मुलींना ट्रेनिंग देऊ. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मुलींची चूक नाही. त्यातल्या एकीनं विचारलं होतं. मीच तिला गप्प केलं. नर्सनं बरोबर लिहिलेलं मी चुकीचं केलं." सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! ती बाई कळवते एवढंच म्हणाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शनिवारी निरोप आला. काम आम्हाला मिळालं होतं. दुसऱ्या दोन ऑफिसांनी आपल्या चुका नर्सच्या टिपणावर ढकलल्या होत्या, असं तिनं सरांना लिहिलं. आम्ही सहाही जणी रडलो. मी पेढे आणले आणि रविवारी सकाळीच स्कूटर काढली.

आई ओटीवर पावटे सोलत बसली होती. पुडा बघून म्हणाली, "काय गो, पेढे कसले?" मी सांगितलं, आता ऑफिस कुठे जात नाही, दर रविवारी मी येणारच. तिनं पेढा देवापुढे ठेवला. मी तिच्याबरोबर पावटे सोलायला बसले. दोन दिवस तो प्रश्न डोक्यात होता, तो तोंडातून निघालाच.

"आई, रात्री कोण असतं गं तुझ्याकडं?"

"कोन असनार? मीच."

"काकू येत नाही झोपायला?" शेजारची माझी चुलती येते असं मी कायम धरून चालले होते.

"तिला तिचा नातू हाय. आन मला काय व्हतंय? कडी तेवढी लावत नाय मी."

"कडी लावत नाहीस? रानालगतचं घर आपलं! का?"

आई शेंग सोलतच राहिली. "मरून पडली तर तुमाला दार तोडायला लागंल. तुज्या बापानं सागाचं केलंय ते. उगा कशाला मोडायचं?"

"कधीपासून?"

"तो गेल्यापासून."

चार वर्षं. चार वर्षांत दोनशे रविवार मी त्या दारातून आत गेले, जेवले आणि पाचला निघाले. आईजवळ राहता यावं म्हणून मी ऑफिससाठी जिवाचा आटापिटा केला, आणि आईजवळ मी राहतच नव्हते. मला माझीच लाज वाटली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणत राहिली, "अगो, पावटे सांडतील."

त्या दिवशी पाच वाजता मी निघाले नाही. दिवेलागणीनंतर दाराला कडी मी लावली.