रिळाचं जळकं टोक

स्कॅनरच्या साच्यात सहा फ्रेमांची पट्टी बसते. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक रिळाची पहिली पट्टी मात्र धड बसायचीच नाही, कारण तिच्या तोंडाला एक अर्धी जळकी फ्रेम जादा असायची. तीन रविवार मी त्या टोकांशी झटापट केली आणि चौथ्या रविवारी सरळ कात्री घेतली. माझा स्वभावच तसा, जमलं नाही की काप.

हा सगळा उपद्व्याप आईच्या एका हसऱ्या फोटोसाठी चालला होता. आईला जाऊन पंचवीस वर्षं झाली. नोएडाच्या या फ्लॅटमध्ये भिंतीवर तिचा जो फोटो आहे, तो सरकारी दवाखान्याच्या कार्डासाठी काढलेला. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा पोलिसांनी धरून आणल्यासारखा. आणि खरं सांगते, ती हसायची कशी हेच मला आठवेनासं झालं होतं. स्वतःच्या आईचं हसू विसरायचं म्हणजे काय! मला त्याची लाज वाटायची, भीतीही वाटायची.

अल्बम होते की ढीगभर. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधला पहिला कलर टीव्ही, महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला लढाईचं स्मारक, काला अंब, बघायला गेली तेव्हाचा घोळका, नोएडाच्या फ्लॅटचा नुसता सांगाडा, मग वास्तुशांत. सगळीकडून आई गायब. “माझ्यावर कशाला रीळ वाया घालवताय?” म्हणायची आणि आत सटकायची. छत्तीस फोटोंत अख्खं वर्ष बसवायचं, त्यात आपला नंबर कशाला, असा तिचा हिशोब.

म्हणून निगेटिव्हांकडे वळले. आधी टॅबचा पडदा पांढरा करून वर पट्टी धरली, फोनने फोटो काढला आणि रंग उलटे केले. सगळे नातेवाईक निळे. मामी तर बिल्कुल बुडून वर आल्यासारखी! मग हा स्कॅनर मागवला.

तर कात्रीने टोक कापलं, आणि केराच्या टोपलीत टाकण्याआधी सहज खिडकीच्या उजेडात धरलं. त्यात एक बाई. केस पांढरे, तोंड काळसर, आणि दातही काळे. निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात, म्हणजे ती हसत होती.

ते टोक तसंच काचेवर ठेवून स्कॅन केलं. अर्धा भाग पांढराफटक, उरलेल्या अर्ध्यात क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या दारात आई, पदराला हात पुसत, तोंड उघडून खळखळून हसतेय. मी रडले. मग धडाधड बाकीची रिळं काढली. प्रत्येकाच्या जळक्या टोकाला तीच, त्याच दारात. नोएडाला आल्यावर इथल्या दारात.

आणि मग माझं डोकं फिरलं. नवीन रीळ घातलं की पहिले एक-दोन फोटो उगाच उडवायचे असतात. उजेड लागून ते जळतात, स्टुडिओवाला छापतही नाही. बाल्कनीत बाबा मटार सोलत बसले होते, त्यांच्यासमोर लॅपटॉप आपटला.

“बाबा, अख्ख्या गोतावळ्याला चांगल्या फ्रेमा, आणि आईला वाया जाणारी?”

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

“अगं, एरवी ती उभी राहायची कुठे? मी हाक मारायचो, ये गं, ही वाया जाणारीच आहे. मग यायची. हसायची, म्हणायची, मग काढा की कितीही.”

“मग त्या छापल्या का नाहीत?”

“नेल्या होत्या ना. स्टुडिओवाला म्हणाला, साहब, ये तो जली हुई है, छोड़िए.” शेंग सोलत म्हणाले, “मी आपला खिडकीत धरून बघायचो.”

मीही मटार सोलायला बसले.

एक रीळ उरलं होतं, माझ्या केळवणाचं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीचं. ते टोक मी कापलं नाही, अख्खी पट्टी हळूच काचेवर ठेवली. अर्धा भाग पांढरा. उरलेल्यात नोएडाच्या स्वयंपाकघराचं दार, त्याची कडी. दारात कोणी नाही. कॅमेरा मात्र नेमका आईच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरलेला.

“त्यात काय निघालं?” बाबांनी बाल्कनीतून विचारलं.

“नुसतं दार आहे, बाबा.”

“हो,” ते म्हणाले. “सवयीने हाक मारली होती मी तिला.”