युवराजचं कागदावरचं वय

माझा चेहरा एकवीस वर्षं ज्याच्या हातात होता, त्या युवराजबद्दल लिहायचं आहे. हैदराबादच्या आमच्या मराठी नाटकमंडळीचा तो रंगभूषाकार. माझ्या पन्नाशीत त्यानं मला पंचविशीचा नायक केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढं सांगितलं की त्याच्या हाताची ओळख पुरी झाली. तिसरी घंटा झाली तरी हा माझ्या कानशिलापाशी ब्रश घेऊन उभा. “अण्णा, हलू नका. अजून दोन वर्षं उतरवायचीत.”

काय दिवस होते ते! पुढे नाटकं कमी झाली, मंडळी पांगली. युवराजनं जामबाग भागात पोशाख भाड्यानं देण्याचं दुकान टाकलं. शाळांची संमेलनं आली की दुकानात कृष्ण, झाशीची राणी, गाजर आणि टोमॅटो यांची झुंबड उडते. रडणाऱ्या कृष्णाला मुकुट घालावा तर यानंच. आई-बापांचं न ऐकणारं पोर याच्यापुढे मान तिरकी करून गप्प बसतं.

याला स्वतःचं पोर मात्र नव्हतं.

त्याचे वडील अप्पाराव उदगीरकडचे शेतकरी. हैदराबादेत अफझलगंजच्या एका कापड दुकानात कामाला लागले आणि चार वर्षांनी बायको-पोरांना घेऊन आले. युवराज तेव्हा दहा वर्षांचा. हाडकुळा, शाळा न पाहिलेला. मोठे गुरुजी म्हणाले, “दहा वर्षांचा घोडा पहिलीत कसा बसवू? सहा लिहितो.” अप्पारावांना उलट आनंद झाला. पोराला सरकारी नोकरी लागली तर चार वर्षं जास्त टिकेल! त्या पिढीत आमच्याकडे अशी कितीतरी वयं शाळेच्या ओट्यावर ठरली. नोकरी काही लागली नाही. वय मात्र तसंच चिकटून राहिलं.

दोन बहिणींची लग्नं, मग अप्पारावांचा अर्धांगवायू, यात युवराजचं लग्न मागे पडत गेलं. शेवटी मीच बीदरची तेजश्री सुचवली. वय एकतीस, शिवणकामात तरबेज, बोलण्यात त्याहून तरबेज. तिच्या वडिलांची एकच अट होती: मुला-मुलीत दहा वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. मुलाचा परिचय लिहायला मी बसलो. समोर शाळेचा दाखला होता. त्यावरून वय होत होतं चाळीस. युवराजनं माझ्याकडे पाहिलं. तो खरा चव्वेचाळीसचा आहे हे मला माहीत होतं. “दाखल्यावर आहे तेच लिहितो,” असं म्हणून मी चाळीस लिहिलं. तेव्हा वाटलं, चार वर्षांत असं काय बिघडणार आहे?

लग्नानंतर तेजश्रीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. युवराजच्या आई सुशीलाबाईंनी सुनेला दहा उपास लावले, बदामाचा शिरा दिला, गरम-थंडाची यादी हातात ठेवली. मुलाला तपासा असं कुणी म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार असे: “त्याचे आजोबा साठाव्या वर्षी बाप झालेत. बाप्यांना कसलं आलंय वय?”

शेवटी नल्लकुंट्याच्या डॉक्टर प्रियदर्शिनी यांनी युवराजची तपासणी झाल्याशिवाय पुढे जायला नकार दिला. तपासणी करायला युवराजनं तीन महिने घालवले. मग अहवाल घ्यायला मला सोबत नेलं. तेजश्री होतीच.

डॉक्टरीणबाई तेलुगू घरातल्या, बोली अस्सल हैदराबादी. अहवाल पाहून त्या म्हणाल्या, “गिनती कम है, चाल बी सुस्त है. इलाज करेंगे.”

युवराज अवघडून म्हणाला, “मॅडम, हमारे दादा तो साठ साल में...”

“हौ, सबके दादा ऐसेच रहते,” त्या हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. बाईचं जसं एका वयाला थांबतं, तसं पुरुषाचं थांबत नाही, हे खरं. पण चाळिशीनंतर हळूहळू उतरत जातं. बीज कमी होतं, त्याचा वेग मंदावतो आणि त्याच्या आतल्या आनुवंशिक धाग्यांची मोडतोड वाढते. मग दिवस राहायला वेळ लागतो. कधी राहिले तरी टिकत नाहीत. साठीत बाप होणारे असतात, पण वाट पाहूनही बाप न झालेल्यांच्या गोष्टी घरात कुणी सांगत नाही.

“तुम्ही पंचेचाळीसचे आहात,” कागद बघत त्या म्हणाल्या. “दोन्ही गर्भ राहिले तेव्हा एक्केचाळीस-बेचाळीसचे. म्हणून मी आधी यांची पिशवी बघते. गुरुवारी भूल देऊन दुर्बीण घालू. पन्नाशीला आलेला नवरा असता, तर आधी त्याच्याच बीजाची ती मोडतोड तपासली असती.”

युवराजनं माझ्याकडे पाहिलं. तेजश्रीनं शांतपणे शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली.

मंगळवारी सकाळी तो माझ्या घरी आला. “अण्णा, तुम्ही सांगा ना तिला. तुम्हाला बोलायला जमतं.”

“आणि तू काय करणार?”

“मी मागे उभा राहतो.”

“आयुष्यभर विंगेत उभा राहिलास, बाबा. हा प्रवेश तुझा आहे. मी येतो, पण बोलायचं तू.”

आम्ही दुकानात गेलो. तेजश्री यंत्रावर मावळ्याच्या अंगरख्याला गोट लावत होती. दुकानामागेच असलेल्या घरात सुशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. युवराज तीनदा घसा खाकरला.

“काय झालं? चहा हवाय का?” तिनं विचारलं.

“तेजू, मी पंचेचाळीसचा नाही. एकोणपन्नासचा आहे.”

यंत्र थांबलं. त्यानं शाळेची हकीकत सांगितली.

“लग्नात माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“मी दोनदा रिकामी होऊन घरी आले तेव्हा?”

“हो.”

“आणि परवा सही केली, तेव्हा शेजारी बसला होतात.”

मग ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही?”

शेकडो नाटकांचे संवाद पाठ असलेला मी. त्या क्षणी मला एवढंच म्हणता आलं, “मलाही माहीत होतं, बेटा. तो आकडा मीच लिहिला. चुकलो.”

आतून सुशीलाबाई म्हणाल्या, “अगं, चार वर्षांचं काय एवढं...”

“आई, उपास मी केलेत,” तेजश्री म्हणाली. आवाज चढला नव्हता. “दहाच्या दहा. अंतर तेराचं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं. पण दोष माझ्यातच आहे असं समजून मी रात्रंदिवस झुरत होते, आणि तुम्ही सगळे बघत होतात.”

तिनं पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि एकटी दवाखान्यात गेली. कागदावरचं युवराजचं वय दुरुस्त करून गुरुवारची शस्त्रक्रिया तिनं थांबवली. घरी येऊन बीदरला वडिलांना फोन लावला आणि नवऱ्यासमोर सगळं सांगितलं. वडील म्हणाले, “तुला यायचं असलं तर ये.” ती म्हणाली, “यायचं नाही. तुम्हाला खरं माहीत असावं, म्हणून सांगितलं.” आठ दिवस मात्र ती युवराजशी एक शब्द बोलली नाही.

युवराजची दुसरी तपासणी झाली. मोडतोड बरीच जास्त निघाली. गर्भ जाण्यामागे याचा मोठा वाटा असू शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुऱ्या खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही, हेही म्हणाल्या. युवराजचा जर्दा बंद, वजन उतरवायचं, औषधं, मग प्रयोगशाळेत चांगलं बीज निवडून एक प्रयत्न. यश येईलच असं नाही. दोघांनी दोन प्रयत्न ठरवलेत. नाही जमलं तर मूल दत्तक घ्यायचं. जर्द्याची डबी सुशीलाबाईंनी स्वतः उचलून कचऱ्यात टाकली. सुनेची माफी अजून मागितलेली नाही, पण तिच्या ताटात आता उपासाचं काही वाढत नाहीत.

पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्याच्या तयारीसाठी गेल्या सोमवारी मी दोघांबरोबर दवाखान्यात गेलो होतो. आमच्या शेजारी एक कोवळी मुलगी बसली होती, मांडीवर अहवालांची जाडजूड पिशवी. नवरा मोबाइलमध्ये. सासू कुणालातरी फोनवर सांगत होती, बहू में कुछ तो खराबी है.

ते ऐकून तेजश्री त्या नवऱ्याकडे वाकून म्हणाली, “भैया, आपकी जाँच हुई क्या?”

तो चपापला. “मेरी? मेरी कैकू?”

तेजश्रीनं युवराजला कोपरानं ढोसलं. “अहो, सांगा त्यांना.”

युवराजचे कान लाल झाले. क्षणभर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच छताकडे बघत होतो. मग तो उठला, त्या माणसाशेजारची खुर्ची ओढून बसला आणि सावकाश बोलू लागला, “मैं बी नै करा रहा था, भाई. उनपचास का हूँ मैं...”